डेगची वाफ, घाटाचा पाऊस

देहूरोडला पाणी 100 अंशांवर उकळत नाही. शाळेच्या पुस्तकात 100 लिहिलेले असते आणि परीक्षेत मुलांनी तेच लिहावे, पण तो आकडा समुद्रकाठचा आहे. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर. वर हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाण्याला वाफ होऊन निसटायला कमी उष्णता पुरते. इथे पातेल्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळू लागते. इथून बदली होऊन लेहला गेलेल्या फौजी घरातल्या बायका सांगतात की तिकडे डाळ कुकरशिवाय शिजतच नाही. त्यात नवल नाही, कारण तिथे पाणी 88 अंशांवरच उकळते.

दोन अंशांनी आमच्या स्वयंपाकात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या गोष्टीने. पाणी एकदा उकळू लागले की खाली कितीही मोठी आच केली तरी ते 98 च्या वर जात नाही. बटाटे खळखळून उकळले काय आणि मंद आचेवर बुडबुडत राहिले काय, सारख्याच वेळात शिजतात. मग मोठ्या आचेची ती जास्तीची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात जाते. थर्मामीटरवर ती दिसत नाही, म्हणून दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटले आहे. जुन्या पुस्तकांत गुप्त उष्णता असे. आम्हाला जुना शब्द जास्त आवडतो, तो ऐकला की लपवून ठेवलेल्या पैशांची आठवण होते. आणि गोष्ट आहेही तशीच.

हिशेब पाहा. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 98 वर आणायला 73 किलोकॅलरी लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला, म्हणजे त्याची वाफ करायला, आणखी सुमारे 540 लागतात. सातपटींहून जास्त. शेगडीवर जळणाऱ्या गॅसची साधारण साठ टक्के उष्णता भांड्याला मिळते असे धरले, तर एक लिटर पाणी नुसते हवेत उडवायला सुमारे 80 ग्रॅम गॅस खर्च होतो. ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ झाकण न ठेवता पाणी खळखळत असते, त्या घरात सिलिंडर लवकर का संपतो, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. उकळी आली की आच बारीक करावी आणि झाकण ठेवावे. पायाचा रस्सा करणाऱ्या आमच्या दादी हेच करायच्या, त्यांना कॅलरी हा शब्दही माहीत नव्हता.

कुकरची गोष्ट याच्या उलट. तिथे वाफेला कोंडून दाब जवळपास दुप्पट केला जातो, म्हणून पाणी 120 अंशांपर्यंत तापते आणि कठीण मटणही लवकर गळते. पण पहिली शिट्टी झाल्यावर मोठी आच ठेवण्यात तिथेही काही मिळत नाही. फक्त शिट्ट्या जास्त होतात.

आता डेगकडे येऊ. देहूरोड बाजारात लग्नाचा वलीमा असला की मागच्या मोकळ्या जागेत विटांच्या चुली मांडल्या जातात, आणि बावर्ची बिर्याणीला दम देताना कोणालाही जवळ फिरकू देत नाही. डेगच्या तोंडाला कणकेची वळी लावून झाकण पक्के करतो, खाली विस्तव कमी करतो, थोडे निखारे झाकणावर टाकतो. तांदूळ आधीच पाऊण शिजलेले असतात. खालच्या मसाल्यातले पाणी मंद आचेने वाफ होते, तांदळाच्या थरांतून वर चढते आणि जिथे तिला थोडा थंड दाणा भेटतो तिथे तिचे पुन्हा पाणी होते. पाणी होताना ती आपली गुप्त उष्णता त्या दाण्याला देऊन टाकते. एका ग्रॅमला 540 कॅलरी. मग ते पाणी खाली झिरपते, पुन्हा वाफ होते, पुन्हा वर येते. म्हणजे आत उष्णता वाहून नेणारे हमालच ठेवलेले आहेत, आणि ते जिथे गरज असेल तिथेच ओझे टाकतात. जो दाणा जास्त थंड, त्याच्यावर जास्त वाफ. म्हणून दम दिलेला भात खालपासून वरपर्यंत सारखा शिजतो, तळाला चमचाही घालावा लागत नाही. झाकणावरचे निखारेही उगाच नसतात. वरचे झाकण गरम असले की वाफ तिथे पाणी होऊन टपकत नाही, भात वरून गिच्च होत नाही.

आणि मध्येच कोणी झाकण उघडले तर? आतली वाफ निघून जाते, ती पुन्हा तयार करायला पुन्हा तीच 540 ची किंमत मोजावी लागते, आणि खाली तर विस्तव कमी केलेला असतो. बावर्ची ओरडतो ते बरोबरच आहे.

'डेग' हा शब्द अत्तरवाल्यांचाही आहे. कन्नौजला आजही डेग-भपक्याने अत्तर काढतात. तांब्याच्या डेगमध्ये गुलाब आणि पाणी, त्यातून निघणारी वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडे थंड पाण्यात बसवलेले. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर एक अख्खी किताब लिहिली, तिच्यात शंभराहून जास्त कृती आहेत. ज्याला युरोपात अलेंबिक म्हणतात तो अरबांचा अल-अंबीक. गुलाबाचे तेल एकटे उकळवायचे म्हटले तर 200 अंशांच्या वर न्यावे लागेल आणि त्यात ते करपेल. पाण्याच्या वाफेसोबत मात्र ते 100 च्या आतच उडून येते. बिर्याणीवर शिंपडतो ते गुलाबजलही अशाच वाफेचे पाणी.

पण वाफ हातावर आली की कौतुक संपते. 98 अंशांच्या एक ग्रॅम पाण्याने त्वचा भाजली, तर ते पाणी अंगाइतके थंड होईपर्यंत सुमारे 60 कॅलरी देते. 98 अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होतानाच 540 देते, आणि मग वरच्या 60 देते. तापमान एकच, मार दहापट. म्हणून डेगचे किंवा पातेल्याचे झाकण उघडताना ते स्वतःकडे नाही, पलीकडे तिरके करायचे. इडलीपात्राचे आणि मोमोच्या भांड्याचेही तसेच. लहान मुले कडेवर असताना तर मुळीच उघडायचे नाही. वाफेने भाजलेच तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात, भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा, आणि मग स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे जावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. बर्फही नको. बर्फ वितळताना इतकी उष्णता ओढतो की आधीच जखमी झालेल्या त्वचेला आणखी इजा होते. वीस मिनिटे फार वाटतात, मूल रडते, घरातले घाबरून रिक्षा शोधायला धावतात. तरी आधी पाणी.

ही गुप्त उष्णता पहिल्यांदा नीट मोजली ती ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, 1760 च्या दशकात. त्यांच्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांनी 1765 मध्ये वाफेच्या इंजिनात सुधारणा केली, आणि शंभर वर्षे होण्याच्या आत ती वाफ आपल्या दारात आली. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशेपट जागा मागते, आणि त्या जोरावर इंजिने 37 फुटांना एक फूट अशा चढावर डबे ओढत लोणावळ्याला आणत. 1930 साली दख्खनची राणी विजेवर धावू लागली. आज पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडहून तळेगाव, वडगाव, कामशेत करत जाताना वाफेचे इंजिन आठवणारे कोणी भेटलेच, तर ते आजोबाच.

उन्हाळ्यात हीच उष्णता आपल्याला वाचवते. माठाचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण आकडा कमी लोकांना. दहा लिटरच्या माठातून फक्त 100 मिलिलिटर पाणी झिरपून उडाले, तर ते उरलेल्या पाण्याची सुमारे 58 किलोकॅलरी घेऊन जाते. बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरले तर माठ जवळपास सहा अंशांनी थंड होतो. देहूरोडची मे महिन्याची हवा कोरडी, त्यामुळे इथला माठ छान काम करतो. कोकणातल्या नातेवाइकांकडे तोच माठ तितका थंड होत नाही, कारण तिथल्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की पाणी उडायला जागाच नसते. मातीत दोष नाही.

माणसाचे शरीर म्हणजे असाच माठ. त्वचा सुमारे 35 अंशांची असते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की पंख्याने वारा घालूनही शरीराची उष्णता हवेत जात नाही. उरतो एकच मार्ग, घाम उडणे. एक लिटर घाम उडाला की सुमारे 580 किलोकॅलरी जातात. नुसते बसून असलेले शरीरही तासाला 70 ते 80 किलोकॅलरी उष्णता तयार करते, आणि भट्टीपुढचा किंवा बांधकामावरचा माणूस त्याच्या कित्येक पट. पण घाम उडाला पाहिजे, ही अट आहे. जो घाम थेंब होऊन खाली टपकला तो वाया गेला. त्याने पाणी आणि मीठ नेले, उष्णता नेली नाही.

16 एप्रिल 2023 ला घाटाखाली खारघरमध्ये काय झाले ते आठवा. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. उष्माघाताने 14 जण दगावले. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. विदर्भात 45 ला माणसे कामे करतात, मग 38 ला इतके बळी कसे, असे तेव्हा बरेच जण विचारत होते. सावली नव्हती हे एक कारण. पण खाडीकाठची दमट हवा आणि खेटून बसलेली गर्दी हेही विसरू नये. अशा जागी घाम येतो, उडत नाही. पाऱ्याचा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याच्या शेजारी हवेचा दमटपणाही पाहावा लागतो. 'आज ऊन कमी आहे पण जीव घाबरा होतोय' असे घरातले कोणी म्हणाले तर त्याला नाजूक ठरवू नये.

2019 मध्ये रमजान 7 मेला सुरू झाला होता. चांद्र वर्षामुळे तो दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे आता काही वर्षे उन्हाळ्यातून सुटका आहे. पण उन्हात राबणाऱ्याला रोजा असो-नसो, नियम तोच. सैल आणि सुती कपडे, म्हणजे वाफ बाहेर जाईल. बुरख्याचे कापड घेतानाही मे महिन्यासाठी चमकणारे सिंथेटिक टाळावे, ते घामाला अंगावरच कोंडते. पत्र्याचे घर असेल तर दुपारी पत्र्यावर ओली गोणपाटे टाकावीत, उडणारे पाणी पत्र्याची उष्णता नेते. आणि कोणी बडबडू लागले, चालताना भेलकांडले, अंग चटका बसेल इतके तापले, तर रोजा पुरा करण्याचा आग्रह तिथेच थांबवावा. आजाऱ्याला ती सवलत दिलेलीच आहे. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून जोराने वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. पाणी मारून वारा घालणे म्हणजे जे काम घाम करत होता ते बाहेरून करणे.

इफ्तारच्या शरबतात बर्फ का, नुसते फ्रिजचे पाणी का नाही, याचेही उत्तर इथेच आहे. एक लिटर शरबत 30 अंशांवरून 10 वर आणायला शून्य अंशाचा सुमारे 220 ग्रॅम बर्फ पुरतो. शून्य अंशाचे पाणी वापरायचे म्हटले तर दोन लिटर ओतावे लागेल, आणि मग शरबताची चव कोणी ओळखणार नाही. बर्फाचा एक ग्रॅम नुसता वितळतानाच 80 कॅलरी गिळतो.

बर्फ नव्हता तेव्हा काय करत, हे आईन-ए-अकबरीत अबुल फजल यांनी लिहून ठेवले आहे. अकबराच्या काळी पाण्याची सुरई शोऱ्याच्या पाण्यात फिरवून थंड करत. शोरा पाण्यात विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. बंदुकीच्या दारूत आग भडकवणारा शोराच पाणी थंड करतो, याची मौज अबुल फजल यांनाही वाटली होती. आमच्या गावाला ही मौज विशेष कळावी. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फौजेसाठी उजेड पाडणारा आणि धूर सोडणारा दारूगोळा बनतो, आणि गावातल्या कित्येक घरांची चूल त्या पगारावर पेटते.

चुलीखालचा सिलिंडरही अवस्थांतराचाच कारखाना आहे. आत गॅस दाबाने द्रवरूपात असतो. आपण बटण फिरवले की द्रवाचा गॅस होतो आणि त्यासाठीची उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातूनच खेचतो. हिवाळ्यात मोठ्या भट्टीला एकच सिलिंडर जोडला की तो बाहेरून घामेजतो, कधी त्यावर बर्फाची पांढरी साय चढते, आणि आच बसते. मग कार्यात कोणीतरी हुशार माणूस सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतो किंवा आडवा पाडतो. दोन्ही जिवावरचे. तापवल्याने आतला दाब वाढतो. आडवा केला तर गॅसऐवजी द्रव बाहेर येतो, आणि तो बाहेर येताच सुमारे अडीचशेपट पसरतो. भट्टी मोठी असेल तर दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घ्यावेत, म्हणजे एकावर भार येत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये. लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही.

जूनमध्ये सगळे उलटे होते. अरबी समुद्रावर सूर्याने जी उष्णता पाण्यात लपवली, ती घेऊन ढग सह्याद्रीला येतात. हवा डोंगर चढते, थंड होते, वाफेचे पाणी होते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. रेल्वेने सुमारे 40 किलोमीटर अलीकडे देहूरोडला त्यातला थोडाच उरतो. त्या पावसाचे पाणी वळवण, शिरवता अशा तलावांत साठवून टाटांनी 1915 साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज दिली. पाणी सुमारे 500 मीटर खाली पडते आणि चाके फिरवते. आम्ही एकदा मुलांना बसवून हिशेब केला. एक लिटर पाणी 500 मीटर खाली पडताना साधारण पाच किलोज्यूल ऊर्जा देते. तेच एक लिटर पाणी ढगात वाफेचे थेंब होताना सुमारे 2450 किलोज्यूल सोडून आलेले असते. पाचशेपट! मुंबईच्या गिरण्या ज्या पाण्याने चालल्या, त्या पाण्याची खरी दौलत तर घाटाच्या आभाळातच खर्च झाली होती. ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि ढग आणखी मोठे करते. जुलैत लोणावळ्याला पाऊस थांबायचे नाव घेत नाही, त्यात तिचाही हात आहे.

त्याच महिन्यांत शाळेचे गणवेश वाळत नाहीत. पंखा हवा थंड किंवा गरम करत नाही, फक्त कपड्याभोवतीची ओलसर हवा हलवतो. म्हणून कपडे एकमेकांना चिकटवून न टाकता मध्ये चार बोटे जागा सोडावी. तेवढ्याने रात्रीत वाळतात.

लोणावळ्याहून येणारा मेहमान चिक्की आणि फज आणतोच. दोन्ही साखरेचे किंवा गुळाचेच, पण वेगळ्या ठिकाणी थांबवलेले. पाक उकळू लागला की पाणी उडत जाते आणि उरलेल्या पाकाचे तापमान चढत जाते. 115 अंशांच्या आसपास गोळीबंद पाक होतो. तो घोटून थंड केला की साखरेचे बारीक खडे तयार होतात, हा फज, तोंडात विरघळणारा. 150 च्या जवळ नेला की पाणी जवळजवळ संपते. असा पाक पटकन पसरून थंड केला तर साखरेला खडे बांधायला वेळच मिळत नाही आणि तो काचेसारखा कडक होतो. चिक्की म्हणजे शेंगदाणे अडकलेली साखरेची काच. ही काच हवेतले पाणी हळूहळू ओढून घेते. उन्हाळ्यात उघडी राहिली तरी कुरकुरीत असते, पण पावसाळ्यात लोणावळ्याहून देहूरोडला लोकलने येईपर्यंत पाकीट फाटलेले असेल तर तिचा चिकट गोळा झालेला असतो. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रिजमधून काढलेल्या थंड चिक्कीवर दमट हवेतले पाणी लगेच जमते, बाहेर काढलेल्या थंड बाटलीवर जमते तसेच.